चूक तेवढी त्याची

५ एप्रिल १९९३. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ६४ हजारांवर प्रेक्षक बसले आहेत, अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना संपायला वीस सेकंद उरली आहेत आणि फलकावर नॉर्थ कॅरोलायना ७३, मिशिगन ७१ असे आकडे आहेत. कॅरोलायनाच्या पॅट सलिव्हनचा दुसरा फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक) रिंगला लागून बाहेर पडतो आणि मिशिगनचा ख्रिस वेबर उडी मारून तो चेंडू ताब्यात घेतो. वळताना त्याचा टेकलेला पाय जागचा हलतो. चेंडू न टप्पवता पाय हलवणे म्हणजे ट्रॅव्हलिंग, आणि कॅरोलायनाचा अख्खा बेंच ते दाखवत उभा राहतो, पण पंचाची शिट्टी वाजत नाही. मग तो पावणेसात फूट उंचीचा, एरवी रिंगखाली खेळणारा मुलगा स्वतःच चेंडू टप्पवत मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे निघतो आणि आपल्याच संघाच्या बेंचसमोरच्या कोपऱ्यात अडकतो. अंगावर जॉर्ज लिंच आणि डेरिक फेल्प्स, पाठीमागे सीमारेषा. अकरा सेकंद उरलेली असताना तो दोन्ही पंजांचा टी करून टाइमआउट, म्हणजे संघाला मोजक्याच वेळा मिळणारी खेळ थांबवण्याची सवलत, मागतो.

मिशिगनचे टाइमआउट संपलेले होते. नसलेला टाइमआउट मागणे म्हणजे टेक्निकल फाउल, आणि त्याची शिक्षा म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांचाच. डोनाल्ड विल्यम्सने दोन्ही फ्री थ्रो घातले, पुढच्या फाउलवर आणखी दोन घातले आणि सामना ७७-७१ असा संपला. वेबर तेव्हा वीस वर्षांचा होता.

मी हा सामना पाहिलेला नाही. आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहायला आलो ते त्यानंतर तीन वर्षांनी, आणि तोवर माझे बास्केटबॉलचे ज्ञान शाळेच्या मातीच्या मैदानावरच्या गंजलेल्या रिंगपुरते होते. तरीही या पराभवाची ओळख मला पहिल्याच आठवड्यात झाली. कचेरीत लांबलेल्या बैठकीत कोणीतरी चहापाण्यासाठी थांबू या म्हणून हातांनी टी केला की समोरून हमखास उत्तर येई, ‘आपल्याकडे शिल्लक नाही’, आणि सगळे हसत. त्या हसण्यात गंमत कमी आणि ठसठस जास्त होती, हे कळायला मला काही वर्षे लागली. पुढे मुलगी अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकायला गेली, तिच्याबरोबर क्रिस्लर सेंटरमध्ये सामने पाहणे सुरू झाले, आणि सासरच्या जुन्या भांडणात सून हळूहळू हिरिरीने बोलू लागावी तसा मीही त्या पराभवात वाटेकरी झालो.

तिथेच एका हिवाळ्यात शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. छताखाली टांगलेल्या पताका मुलगी मोजत होती. १९८९ च्या विजेतेपदाची सापडली, पण १९९२ आणि १९९३ च्या अंतिम फेऱ्यांची सापडेना. गृहस्थांनी काही न बोलता पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये सीलबंद केलेला तिकिटाचा अर्धुक काढून तिच्या हातात ठेवला. कोपरा फाटलेला, शाई विटलेली, पण सुपरडोम आणि तारीख वाचता येत होती. ‘आम्ही हरलो त्याचा हा पुरावा,’ ते म्हणाले, ‘विद्यापीठाकडे आता तोही नाही.’

या लेखाचा विषय ते तिकीट आहे. पराभव आठवत राहणाऱ्या चाहत्यांकडे भावुक, रिकामटेकडी माणसे म्हणून पाहण्याची पद्धत आहे. मला वाटते, महाविद्यालयीन खेळाच्या बाबतीत ही माणसे विद्यापीठांपेक्षा आणि क्रीडासंस्थांपेक्षा प्रामाणिक दप्तरदार आहेत. मात्र त्यांच्याही दप्तरात एक मोठी खोट आहे, आणि ती भरून काढल्याशिवाय त्यांना प्रामाणिकपणाचा तोरा मिरवता येणार नाही. ती खोट अशी की त्या रात्रीचे सगळे काही विद्यापीठाचे होते, नाव विद्यापीठाचे, पिवळे-निळे रंग विद्यापीठाचे, जर्सीवरची कमाई विद्यापीठाची आणि दूरचित्रवाणीचा पैसा विद्यापीठांच्या संघटनेचा. चूक तेवढी ख्रिस वेबरची.

आधी त्या चुकीचेच बोलू. वेबरने त्या सामन्यात २३ गुण मिळवले आणि ११ रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेले चेंडू, घेतले. साधारण साडेचार मिनिटे उरलेली असताना मिशिगन ६७-६३ असे पुढे होते. तेथून कॅरोलायनाने सलग नऊ गुण केले, आणि त्या नऊ गुणांच्या वेळी मिशिगनचे पाचही खेळाडू मैदानात होते. ७२-७१ पर्यंत पुन्हा अंतर तोडले ते वेबरनेच, स्वतः रिबाउंड घेऊन. शिट्टी वाजली असती तर चेंडू ट्रॅव्हलिंगवरच गेला असता आणि आज टाइमआउटचे नावही कोणी काढले नसते. टाइमआउट संपले आहेत हे खेळाडूंना आधीच्या घोळक्यात बजावले होते, असे सांगणारे आहेत. बेंचवरून कोणीतरी ‘टाइमआउट घे’ असे ओरडले होते, असेही सांगणारे आहेत. खरे काय याचा निवाडा आता होणे नाही. पण ज्या प्रश्नाची उत्तरे पाच-सात माणसांत वाटलेली आहेत, त्याचे उत्तर लोकस्मृतीने एकाच नावावर लिहून टाकले. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू डोनाल्ड विल्यम्स होता, त्याने अंतिम सामन्यात २५ गुण केले होते, हे कॅरोलायनाबाहेर किती जणांना आठवते? हरणारा पक्ष जेव्हा ‘आम्ही हरवले गेलो’ असे न म्हणता ‘आमच्या एकाने घालवले’ असे म्हणतो, तेव्हा तो जिंकणाऱ्याचेही श्रेय नाकारत असतो.

आपल्याला हे काही नवे नाही. १८ एप्रिल १९८६ ला शारजात चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर जावेद मियाँदादने षटकार मारला, तेव्हा शर्माही वीस वर्षांचाच होता. पुढच्याच वर्षी याच शर्माने नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातील पहिली हॅट्‌ट्रिक घेतली, आणि तरीही महाराष्ट्रातल्या कुठल्याही कट्ट्यावर त्याचे नाव काढा, आधी शारजाच निघेल, नागपूर निघालेच तर नंतर. साम्य इथपर्यंत आहे. पुढे मोठा फरक आहे. शर्मा देशाकडून खेळत होता आणि खेळण्याबद्दल त्याला मानधन मिळत होते. वेबर विद्यार्थी होता आणि नियम असा होता की शिष्यवृत्तीपलीकडे एक पैसाही घेतला तर खेळण्याचा हक्क जाईल.

या नियमाकडे नीट पाहिल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. १९८९ मध्ये सीबीएस या वाहिनीने सात वर्षांसाठी एक अब्ज डॉलर मोजून या स्पर्धेचे प्रक्षेपणहक्क घेतले. १९९१ च्या शरद ऋतूत वेबर, जुवान हॉवर्ड, जेलन रोज, जिमी किंग आणि रे जॅक्सन ही पाच मुले एकाच वेळी मिशिगनमध्ये दाखल झाली. दोन डेट्रॉइटची, एक शिकागोचा, दोन टेक्ससची. पहिल्याच वर्षी, सगळे नवखे असताना, त्यांनी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. तिथे ड्यूकने त्यांना ७१-५१ असे चीत केले. दुसऱ्या वर्षी पुन्हा अंतिम सामना. गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या चड्ड्या, काळे मोजे, मैदानावरची तोंडाळ मस्ती. देशभरातली पोरे त्यांची नक्कल करू लागली आणि मिशिगनच्या नावाचे कपडे पूर्वी कधी खपले नव्हते तसे खपू लागले. चार क्रमांकाची जर्सी दुकानात टांगलेली असे. पाठीवर वेबरचे नाव नसले तरी ती कोणाची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तिच्या किमतीतला छदामही त्याला घेता येत नव्हता. शिक्षण फुकट मिळत होते, हे खरे आणि लहान नव्हे. पण ज्या नोकरीत मालकाला लाखोंचा फायदा होतो आणि नोकराला राहणे-जेवणे मिळते, तिला आपण एरवी काय म्हणतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

आता दुसरी बाजू, कारण वेबरचा कैवार घेणारे ती नेहमी घाईघाईने उरकतात. एड मार्टिन नावाचा फोर्ड कंपनीतून निवृत्त झालेला वीजतंत्री मोटार कारखान्यांत बेकायदा आकड्यांचा धंदा चालवत असे आणि मिशिगनच्या खेळाडूंभोवती सतत असे. त्याने पुढे न्यायालयात कबूल केले की वेबरसह चार खेळाडूंना त्याने मिळून ६ लाख १६ हजार डॉलर दिले होते. वेबरच्या नावावर २ लाख ८० हजारांचा आकडा होता. वेबरने आधी हे नाकारले, खटला उभा राहिला आणि २००३ मध्ये त्याने न्यायालयाच्या अवमानाचा गुन्हा कबूल केला. पैसे घेणे हा त्या नियमांचा दोष म्हणता येईल. शपथेवर खरे न सांगणे हा दोष नियमांच्या माथी मारता येणार नाही. जुगाराचा काळा पैसा पांढरा करायला विद्यार्थी वापरले गेले, यातही काही उदात्त नाही.

विद्यापीठाने काय केले? नोव्हेंबर २००२ मध्ये स्वतःहून १९९२ चे अंतिम फेरीचे सामने आणि १९९२-९३ चा संपूर्ण हंगाम नोंदींतून वगळला, स्पर्धेतून मिळालेले सुमारे साडेचार लाख डॉलर परत केले, पताका उतरवल्या आणि विद्यापीठाच्या बेन्टली ऐतिहासिक ग्रंथालयात नेऊन ठेवल्या. २००३ साली मैदानात उतरणारी जी मुले होती, त्यांपैकी कोणी मार्टिनचे तोंडही पाहिले नसेल, पण त्या वर्षीच्या मोसमोत्तर स्पर्धेवर पाणी सोडावे लागले ते त्यांना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पुढे एनसीएएने, म्हणजे विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, वेबरशी दहा वर्षे कोणताही संबंध न ठेवण्याचे बंधन घातले. २०१३ पर्यंत तो आपल्याच विद्यापीठाला परका होता.

आता गंमत पाहा. मिशिगनच्या नोंदीप्रमाणे त्या हंगामातला संघ त्या रात्री सुपरडोममध्ये असल्यासारखा नाहीच. पण नॉर्थ कॅरोलायनाच्या नोंदीत ७७-७१ चा विजय आहे, त्यांची १९९३ ची पताका चॅपेल हिलला, त्यांच्या विद्यापीठात, डौलात टांगलेली आहे, आणि तो विजय कोणावर मिळवला हा प्रश्न तिला कोणी विचारत नाही. हरलेला नाही आणि जिंकलेला मात्र आहे, असा हा सामना. शाळेच्या हजेरीपटात गैरहजर दाखवलेल्या मुलाला त्याच दिवशी मार बसल्याची नोंद असावी, तसे.

हा एकच नमुना असता तर विचित्र योगायोग म्हणून सोडून देता आला असता. २००८ च्या अंतिम सामन्यात मेम्फिसकडे शेवटच्या दोन-सव्वादोन मिनिटांत नऊ गुणांची आघाडी होती. ख्रिस डग्लस-रॉबर्ट्‌स आणि डेरिक रोज यांचे फ्री थ्रो चुकत गेले, कॅन्ससच्या मारियो चाल्मर्सने २.१ सेकंद असताना तीन गुणांची बास्केट टाकून बरोबरी केली आणि जादा वेळेत मेम्फिस ७५-६८ असे हरले. पुढच्याच वर्षी रोजच्या प्रवेशपरीक्षेच्या निकालावरून मेम्फिसचा तो हंगाम वगळला गेला. मेम्फिसचा चाहता आजही ते फ्री थ्रो रात्री झोपेत मोजतो, आणि त्याच्या विद्यापीठाची नोंद मात्र सांगते की मोजण्यासारखे काही घडलेच नाही.

मिशिगनच्या वाट्याला याची दुसरी बाजूही आली. २०१३ मध्ये अटलांटाला ते पुन्हा अंतिम सामन्यात होते आणि लुईव्हिलकडून ८२-७६ असे हरले. १९९१ ला आलेले ते पाच जण त्या रात्री सभागृहात होते, पण चौघे एकत्र आणि वेबर वेगळा, वरच्या कक्षात. २०१८ मध्ये वेगळ्याच, बऱ्याच घाणेरड्या प्रकरणावरून एनसीएएने लुईव्हिलचे ते विजेतेपद रद्द केले. म्हणजे मिशिगन हरले, पण जिंकले कोणीच नाही. विजेतेपद दुसऱ्याकडे जात नाही, फक्त जागा रिकामी होते. मुलीच्या एका वर्गमैत्रिणीने तेव्हा विचारले होते की मग त्या रात्रीचे माझे रडणेही परत मिळेल का. पोरगी चेष्टेने म्हणाली, पण प्रश्नात खोच होती.

नोंद वगळण्याच्या बाजूने जे म्हटले जाते ते पोकळ नाही. नियम मोडणाऱ्याला फळ मिळता कामा नये. पताका ठेवली तर तो नियमभंगाचा गौरव ठरेल. प्रामाणिकपणे खेळलेल्या संघांवर तो अन्याय होईल. यातले शेवटचे मला सर्वांत वजनदार वाटते. १९९३ च्या उपांत्य सामन्यात मिशिगनने केंटकीला जादा वेळेत ८१-७८ असे हरवले होते, आणि केंटकीच्या खेळाडूंनी ‘मग आमचे काय’ असे विचारले तर त्यांना कोणत्या तोंडाने उत्तर द्यायचे? पण नोंद वगळल्याने केंटकीला काय मिळाले? सामना परत मिळाला नाही, अंतिम फेरी मिळाली नाही, साधे पत्रसुद्धा मिळाले नसेल. ज्याचे नुकसान झाले त्याला काही न देणारी आणि ज्यांनी गुन्हा केला नाही त्यांची वर्षे खाणारी शिक्षा ही न्यायापेक्षा हात झटकण्याच्या जवळची असते. त्या संघात पैसे घेणारा एक खेळाडू होता म्हणून जिमी किंग आणि रे जॅक्सन यांचीही पहिल्या वर्षाची अंतिम फेरी आणि दुसऱ्या वर्षाचा अख्खा हंगाम पुसला गेला. विद्यापीठाच्या प्रतिष्ठेवरचा डाग निघाला, आणि ज्या व्यवस्थेत असा पैसा मुलांना आकर्षक वाटत होता, तिच्या केसालाही धक्का लागला नाही. सीबीएसने दिलेला अब्ज डॉलरचा पैसा कोणीही ‘वगळला’ नाही.

ती व्यवस्था नंतर हलली, पण पश्चात्तापाने नव्हे, न्यायालयांमुळे. यूसीएलए या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाच्या १९९५ च्या विजेत्या संघातील एड ओबॅननने २००९ मध्ये दावा लावला. त्याचे म्हणणे साधे होते, माझा चेहरा विकता तर त्यात माझा वाटा हवा. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळ्या मतात लिहिले ते असे की हेच धोरण दुसऱ्या जवळजवळ कोणत्याही धंद्यात सरळसरळ बेकायदा ठरले असते. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना २.८ अब्ज डॉलरची भरपाई आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देण्याची परवानगी मिळाली. वेबरने १९९३ मध्ये ज्या गोष्टीसाठी चोरट्यासारखा लपाछपीचा व्यवहार केला, ती गोष्ट आज एकोणीस वर्षांचा मुलगा वकिलाच्या शेजारी बसून, कॅमेऱ्यासमोर सही करून करतो. मार्टिनच्या पैशाचा उगम आणि न्यायालयातला खोटेपणा आजही गुन्हाच ठरला असता, हे सोडता बाकी सारे बदलले आहे.

इथे मात्र चाहत्यांचा एक नवा युक्तिवाद ऐकू येऊ लागला आहे, आणि तो मला अगदी नामंजूर आहे. आता पैसे घेता ना, मग शिव्याही खा, असा तो युक्तिवाद आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याची परवानगी देण्याचा मार्ग मोकळा केल्यापासून तर यात नवी भर पडली आहे. आता अमुक खेळाडू किती गुण करील यावर पैज लागते, आणि एक फ्री थ्रो चुकला की पैज हरलेला माणूस त्या पोराच्या फोनवर थेट धमकी पाठवतो. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरच्या पैजा बंद कराव्यात अशी मागणी राज्यांकडे केली, आणि मला ती रास्त वाटते. वेबरला त्या रात्री फोन उघडावा लागला नाही, एवढेच त्याचे नशीब. मानधन हा श्रमाचा मोबदला असतो. चूक करण्याची मुभा त्यात विकत दिलेली नसते. शारजानंतर चेतन शर्माला जे ऐकावे लागले, ते त्याला मानधन मिळत होते म्हणून योग्य ठरत नाही.

चाहत्याने कसे आठवावे याचा एक धडा त्याच इमारतीत, त्याच प्रशिक्षकासमोर घडून गेला होता. १९८२ चा अंतिम सामनाही सुपरडोममध्ये होता आणि समोर प्रशिक्षक डीन स्मिथ यांचाच नॉर्थ कॅरोलायना संघ होता. मायकेल जॉर्डन नावाच्या नवख्या मुलाने बास्केट टाकून ६३-६२ अशी आघाडी घेतली, आणि शेवटच्या सेकंदांत जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनने चेंडू आपल्या साथीदाराऐवजी समोरच्या संघातील जेम्स वर्दीच्या हातात देऊन टाकला. सामना संपताच जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर ब्राउनला मिठी मारली. थॉम्पसन हे भरभक्कम, उंचेपुरे गृहस्थ, ब्राउन त्यांच्या कवेत जवळजवळ नाहीसा झाला. दोन वर्षांनी जॉर्जटाउनने विजेतेपद मिळवले, ब्राउन तेव्हाही संघात होता, आणि थॉम्पसन यांनी त्याला पुन्हा मिठी मारली. ब्राउनची चूक आजही दाखवली जाते, पण तिच्याशेजारी ती मिठीही दाखवली जाते. म्हणून ती चूक माणसाची वाटते. वेबरची तशी वाटत नाही.

वेबरला दुसरी संधी मिळाली नाही, किंवा त्याने घेतली नाही. काही आठवड्यांतच तो व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेला, पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला सांत्वनाचे पत्र लिहिले होते. सामन्यानंतर पत्रकारांसमोर त्याने दोष अंगावर घेतला होता, आणि पुढे मुलांसाठी जी संस्था काढली तिचे नावच ‘टाइमआउट फाउंडेशन’ ठेवले. ज्या शब्दाने लोक हिणवत होते तोच शब्द त्याने दारावर पाटीसारखा लावला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर मानद कर्णधार म्हणून तो आला, तेव्हा उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत १९९३ ला शिव्या घालणारे पुष्कळ असणार. गर्दीचे हे असेच असते, आणि मला त्याबद्दल तक्रारही नाही.

माझी तक्रार रिकाम्या छताबद्दल आहे. १९९२ आणि १९९३ च्या पताका परत लावाव्यात, असे मला वाटते, आणि त्या नुसत्या लावू नयेत. खाली प्रवेशद्वाराजवळच्या काचेच्या कपाटात मार्टिनचे आकडे असावेत, न्यायालयातली कबुली असावी, २००३ च्या मुलांची वाया गेलेली स्पर्धा असावी, त्या वर्षी विकल्या गेलेल्या जर्सींचा हिशेब विद्यापीठाच्या दप्तरातून काढून लावावा, आणि अंतिम सामन्याचा पूर्ण गुणतक्ता असावा, ज्यात वेबरचे २३ गुण आणि विल्यम्सचे २५ दोन्ही दिसतील. ट्रॅव्हलिंगची न वाजलेली शिट्टीही सांगावी. असा फलक लावणे हे विद्यापीठाला पताका उतरवण्यापेक्षा कितीतरी अवघड जाईल, कारण त्यात दुसऱ्याच्या चुकीशेजारी स्वतःची कमाई लिहावी लागेल. पण ज्या संस्थेचे कामच मुळी पुरावे जपणे आणि त्यातून खरे काय ते काढणे हे आहे, तिने स्वतःच्या इतिहासाच्या बाबतीत खोडरबर वापरावे, हे शोभत नाही. इतिहासाच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला असे करू दिले नसते.

चाहत्यांनाही आपल्या वाट्याचे काम आहे. त्या क्षणाची चित्रफीत लावताना ती अकरा सेकंदांपासून सुरू करण्याऐवजी साडेचार मिनिटांपासून सुरू करावी. टाळ्या आपल्या आणि चूक त्याची, हा व्यवहार बंद करावा. ‘आपण’ अंतिम फेरीत गेलो असे म्हणणाऱ्याने ‘आपण’ टाइमआउट मागितला असेही म्हणावे. त्या गृहस्थांना मी हे त्या दिवशी बोललो नाही, तेवढा विचारही तेव्हा झाला नव्हता. पण त्यांनी ‘आम्ही हरलो’ असे म्हटले होते, ‘त्याने हरवले’ असे नव्हे, हे आता लक्षात येते. मध्यंतरात त्यांनी तिकीट परत घेतले, पाकिटात ठेवण्याआधी शर्टाच्या बाहीने पुसले आणि पॉपकॉर्न आणायला गेले.

बेन्टली ग्रंथालय विद्यापीठाच्या उत्तर आवारात आहे, क्रिस्लर दक्षिणेला. मोटारीने पंधरा मिनिटेही लागत नाहीत. दोन माणसे आणि एक उंच शिडी असली की एका सकाळचे काम आहे.